गेम कंट्रोलरची स्टिक न हलवताही कॅरेक्टर सरकतं. स्टिक खराब आहे का, हे घरी कसं तपासायचं?

कंट्रोलर केबलने कॉम्प्युटरला जोडा, ब्राउझरमध्ये एखादा गेमपॅड टेस्टर (कंट्रोलरच्या हालचाली आकड्यांत दाखवणारं वेबपेज) उघडून कंट्रोलरचं कुठलंही बटण दाबा आणि स्टिकला हात न लावता तिच्या दोन्ही अक्षांचे (आडव्या आणि उभ्या दिशेचे) आकडे बघा. ते शून्याजवळ हवेत; 0.03-0.05 इतका फरक नव्या कंट्रोलरमध्येही दिसतो, त्याने घाबरू नका. मग स्टिक चारही बाजूंना ढकलून पटकन सोडा. दरवेळी ती भलत्याच आकड्यावर, समजा 0.2 वर, अडकत असेल किंवा हळू फिरवताना आकडा मध्येच उडी मारत असेल, तर बहुधा आतल्या पोटेन्शिओमीटरची (स्टिक किती हलली ते मोजणाऱ्या भागाची) कार्बनची पट्टी झिजलीय. मात्र टेस्टरमध्ये दिसणारा थोडासा ड्रिफ्ट (स्टिक न हलवता आकडा शून्यापासून सरकणं) गेमच्या डेड झोनमध्ये, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळच्या ज्या हालचालीकडे गेम दुर्लक्ष करतो तिच्यात, झाकला जातो, त्यामुळे लगेच नवा कंट्रोलर घेऊ नका. आधी गेमच्या सेटिंगमध्ये डेड झोन थोडा वाढवून बघा.