मोठी नदी : लांबीने की पाण्याने?

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे : मुलीच्या एका पुस्तकात नाईल जगातली 'सर्वांत मोठी' नदी आहे, दुसऱ्यात ॲमेझॉन. खरं कुठलं? आणि तळं मोठं असलं की त्याला सरोवर म्हणायचं का?

ताई, दोन्ही पुस्तकांनी वाक्य अर्धवट सोडलंय. घरात बोलताना आपण तसं सोडत नाही. 'तो वयाने लहान, पण मानाने मोठा' असं म्हणतो. हा 'ने' लागला की मोठेपण कशातलं ते लगेच कळतं. तृतीयेचं हे काम मला फार आवडतं. नदीलाही तोच 'ने' लावा. नाईल लांबीने मोठी, सुमारे 6,650 किलोमीटर. ॲमेझॉन सुमारे 6,400. पाण्याने मोठी मात्र ॲमेझॉनच. सेकंदाला दोन लाख घनमीटरांहून अधिक पाणी ती समुद्रात ओतते. नाईल तिच्या पासंगालाही पुरत नाही. आपणही पावसाळ्यात 'नदीला मोठं पाणी आलंय' म्हणतो, तेव्हा लांबी कुणाच्या मनात नसते. आणि कुठ्ठाळीच्या पुलावर बसच्या खिडकीतून 'जुवारी केवढी मोठी!' म्हणणारा पात्राच्या रुंदीबद्दल बोलत असतो.

सरोवरांत घोळ जास्त. खारा कॅस्पियन, नावाने समुद्र पण खरं तर सरोवरच, बाजूला ठेवू. गोड्या पाण्यात उत्तर अमेरिकेतलं सुपीरियर पसाऱ्याने मोठं, सुमारे 82,000 चौरस किलोमीटर. आपले बावीस गोवे त्यात मावतील. रशियातलं बैकल जेमतेम साडेआठ गोव्यांएवढं, पण खोली 1,642 मीटर, त्यामुळे त्यात सुपीरियरच्या जवळजवळ दुप्पट पाणी आहे. इथे 'दुपटीने जास्त' लिहू नका. वाचणारा कधी दुप्पट समजतो, कधी तिप्पट. '-च्या दुप्पट' लिहिलं की शंका उरत नाही.

आता तळं आणि सरोवर. संस्कृतात 'सरस्' म्हणजे तळं आणि 'वर' म्हणजे श्रेष्ठ. या शब्दात मान आहे, माप नाही. लोणारचं पाणी सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद, तरी ते सरोवर. आपल्याकडे मयेचं तळं, करमळीचं तळं. थंडीत करमळीला बाहेरून पक्षी येतात, लोक लांबून पाहायला जातात, तरी ते तळंच. तिथे जाऊन कुणाला 'सरोवर कुठे?' असं विचारलंत, तर तो आधी विचारील, 'कुठलं सरोवर?'