निकाल वादात असताना केनियात राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी होऊ शकतो का?

नाही, आता होऊ शकत नाही. निकालाविरुद्ध याचिका दाखल झाली, तर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत शपथविधी थांबतो. २०१० च्या राज्यघटनेतली कलमं १४० आणि १४१ वाचलीत तर क्रम स्पष्ट दिसतो: निकालानंतर ७ दिवसांत याचिका, पुढच्या १४ दिवसांत निवाडा, आणि निवडणूक वैध ठरली तर निवाड्यानंतर सातव्या दिवशी शपथ. तीही जाहीरपणे, सरन्यायाधीशांसमोर.

‘जाहीरपणे’ हा शब्द माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यामागे ३० डिसेंबर २००७ ची संध्याकाळ आहे. म्वाई किबाकी जिंकल्याची घोषणा झाली आणि तासाभरात, अंधार पडता पडता, स्टेट हाउस या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या आवारात मोजक्या लोकांसमोर त्यांनी शपथ घेतलीसुद्धा. २००२ मध्ये हेच किबाकी नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये अफाट गर्दीसमोर शपथ घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले होते! विरोधी उमेदवार राइला ओडिंगांच्या समर्थकांना दाद मागायला वेळच मिळाला नाही. पुढच्या दोन महिन्यांतल्या हिंसाचारात हजाराहून जास्त माणसं गेली, लाखो बेघर झाली. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीनंतर सत्तावाटप झालं आणि ओडिंगा पंतप्रधान झाले.

नवी तरतूद नुसती कागदावर नाही. १ सप्टेंबर २०१७ ला न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटांची निवड खरोखर रद्द केली. मात्र न्यायालयाने वाद मिटतोच असं नाही: फेरनिवडणुकीवर ओडिंगांनी बहिष्कार टाकला, आणि केन्याटांचा शपथविधी होऊन गेल्यावरही जानेवारी २०१८ मध्ये ‘जनतेचा राष्ट्राध्यक्ष’ म्हणून स्वतःची वेगळी शपथ घेतली.