'देवाची करणी' आणि 'करणी केली': करणी एकच का?

प्रश्न असा आहे: 'देवाची करणी आणि नारळात पाणी' या म्हणीतली करणी आणि 'त्याच्यावर कुणीतरी करणी केली' यातली करणी हा एकच शब्द का? आणि ही म्हण म्हणणाऱ्याला देवाचं खरंच नवल वाटत असतं, की ती थट्टेनेच म्हणायची?

शब्द एकच. 'करणे'ला '-णी' लागून झालेला. पेरणी, लावणी, कापणी, मळणी या त्याच्या सख्ख्या बहिणी. करणी म्हणजे केलेलं काम, बस. 'जशी करणी तशी भरणी' म्हणतो तेव्हा हाच साधा अर्थ असतो. जादूटोण्याचा अर्थ त्यातूनच फुटला आहे. ज्याचं नाव तोंडावर आणायला माणूस कचरतो, त्याबद्दल तो मोघम बोलतो: 'पोराला कुणीतरी काहीतरी केलंय.' या 'काहीतरी केलंय'चं नाम म्हणजे करणी. संस्कृतातही असंच झालं आहे. दुसऱ्याच्या वाईटासाठी केलेल्या मंत्रप्रयोगाला अथर्ववेदात 'कृत्या' म्हटलं आहे, आणि तोही 'कृ' धातूचाच शब्द.

बोलताना सहसा घोटाळा होत नाही, कारण वाक्याची ठेवण वेगळी असते. देवाच्या करणीत करणाऱ्याला 'ची' लागतो. जादूटोण्यात ज्याच्यावर ती होते त्याला 'वर' लागतो, आणि करणारा बहुधा 'कुणीतरी'च राहतो. 'ही कुणाची तरी करणी आहे' हे वाक्य मात्र दोन्हीकडे झुकतं. घरात लांबलेलं आजारपण असेल तर एक अर्थ, नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर खडूच्या रेघोट्या असतील तर दुसरा.

आता म्हण. 'लीला' किंवा 'माया' न येता 'करणी' आली ती पाण्याशी यमक जुळतं म्हणून, असं कुणी म्हणेल, आणि ते नाकारायचं कारण नाही. पण अर्थातही फरक पडतो. लीला म्हणजे खेळ, माया म्हणजे भास. करणी मात्र हाताने केलेलं काम. देवाला इथे पेरणी-लावणीच्या रांगेत बसवलं आहे, आणि मला म्हणीतली खरी गंमत तिथेच वाटते.

नारळच का, हेही पाहण्याजोगं आहे. किनाऱ्यावर खारट वाळूत उभं झाड, फळ उंच शेंड्याला, त्यावर जाड सोडण, आत करवंटी, कुठे भोक नाही. आणि फोडावं तर गोड पाणी. ते आत गेलं कधी आणि कसं? हे कोडं संस्कृत सुभाषितकारालाही पडलं होतं. 'आजगाम यदा लक्ष्मीर्नारिकेलफलाम्बुवत्': लक्ष्मी येते ती नारळातल्या पाण्यासारखी, म्हणजे कुणाला पत्ता न लागता. (जाते ती हत्तीने खाल्लेल्या कवठातल्या गरासारखी, असं पुढचा चरण म्हणतो.) सुभाषितात देव नाही, पैसा आहे. मराठीने त्याच पाण्याचं श्रेय देवाला दिलं.

वनस्पतिशास्त्र विचाराल तर ते पाणी म्हणजे बीमधल्या गर्भासाठीचं पातळ अन्न. त्यात सुरुवातीला पेशीकेंद्रकं भिंतींशिवाय नुसती तरंगत असतात. पुढे पेशींना भिंती येतात आणि करवंटीच्या आतल्या बाजूने खोबऱ्याचा थर बसत जातो. शहाळं सहा-सात महिन्यांचं, पिकलेला नारळ सुमारे वर्षाचा; पाणी पार आटलं की गोटा. हे कळल्यावर म्हण खोटी ठरते असं मला वाटत नाही. ती पाणी कुठून आलं ते सांगतच नाही, नुसती बोट दाखवते.

थट्टेचा प्रश्न इथेच सुटतो. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'आश्चर्यमनित्ये' (६.१.१४७): जे नेहमी घडत नाही त्यासाठी 'आश्चर्य' हे रूप सिद्ध होतं. नारळातलं पाणी तर रोजचं. वाटणासाठी नारळ फोडताना ते वाटीत धरायचं, हे कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघराला नवं नाही. सूत्र लावायचं तर इथे आश्चर्य बसतच नाही, आणि म्हण नेमकं तिथेच नवल करते. अरणच्या सावता माळ्यांनी 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी' म्हटलं, तेही मळ्यातलं रोजचं पीक समोर ठेवूनच. अर्जुनाला विश्वरूप दिसलं तेव्हा त्याला हर्ष झाला आणि भीतीही वाटली, आणि 'आधीचंच रूप दाखव' अशी विनवणी त्याने केली. नारळाला कुणी भीत नाही.

म्हणून माझं मत: म्हण मुळात मनापासूनच्या नवलाची. थट्टा येते ती 'देव' शब्दाच्या जागी माणूस आला की. 'ही आमच्या चिरंजीवांची करणी', 'काय करणी करून ठेवलीस!' असं म्हटलं की पुढे काहीतरी सांडलेलं, मोडलेलं किंवा जळलेलं निघणार. माणसाच्या चांगल्या कामाला आपण कामगिरी म्हणतो, कर्तबगारी म्हणतो. करणी सहसा म्हणत नाही. तो शब्द चांगल्या अर्थाने आता जवळजवळ देवाकडेच उरला आहे. अभ्यास न करता पास झालेल्याबद्दल कुणी ही म्हण वापरली, तर तिथे अर्थात टोमणाच समजावा.

देवाचं नाव घ्यायचं नसेल तर हल्ली 'निसर्गाची किमया' लिहितात. वर्तमानपत्रांत फुलांच्या फोटोखाली ती हमखास असते. 'किमया' अरबी-फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ हलक्या धातूचं सोनं करण्याची विद्या. म्हणजे देव वगळला तरी जादू काही सुटली नाही.