दाढ काढायच्या आधी लिव्हरची फाइल दाखवा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. वडिलांना लिव्हरचा कॅन्सर, आता खालच्या दाढेजवळ हिरडी सुजलीय, ओठ बधिर वाटतोय आणि डेंटिस्ट म्हणतायत दाढ काढून टाकू. आमच्या बाबांचं असंच सुरू झालं होतं, म्हणून कळकळीने सांगते, दाढेला हात लावू देऊ नका इतक्यात. मी डॉक्टर नाही. लिव्हरचा कॅन्सर जबड्यात जाणं दुर्मिळ आहे, तुमच्याकडे साधं गळूही निघेल, निघूच दे.

बाबा दाढी करत होते, हनुवटीला ब्लेड लागलं, रक्त गळ्यापर्यंत ओघळलं तरी त्यांना पत्ता नाही. जबड्यातून हनुवटीकडे जाणारी नस दाबली गेली की असा बधिरपणा येतो हे आम्हाला फार नंतर कळलं. मग दाढ हलायला लागली, दवाखान्यात गेलो, फॉर्मवर शुगर-बीपी विचारलं होतं, लिव्हरचं नव्हतं, आणि मीही बोलले नाही. दाताचा नि लिव्हरचा काय संबंध असं वाटलं. ती चूक माझी, अजून बोचते. दाढ काढली आणि रक्त थांबेचना, रात्रभर बोळे बदलत बसले, एक दाबून धरला की दुसरा भिजायचा. या कॅन्सरची गाठ पसरून कुठेही गेली तरी तिच्यात रक्तवाहिन्या भरपूर असतात, वर सिरोसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) असेल तर प्लेटलेट कमी, आणि रक्त गोठायला जे लागतं तेही लिव्हर पुरेसं बनवत नाही. काही दिवसांनी त्याच खड्ड्यातून लालभडक मांस वर आलं.

त्यानंतर दातवाले म्हणाले कॅन्सरवाल्यांना दाखवा, कॅन्सरवाले म्हणाले तोंडाचं आम्ही बघत नाही, आणि फाइल काखेत मारून आम्ही आपले या ओपीडीतून त्या ओपीडीत. पेशंटला तोंड उघडता येत नाही आणि तुम्ही विभाग कसले मोजता? असो.

माझं मत, पटलं तर घ्या. तोंडाचे सर्जन आणि ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, यांना एकमेकांशी फोनवर बोलायलाच लावा, तुम्ही निरोप्या होऊ नका. आधी जबड्याचा सीटी स्कॅन, प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी), मगच बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, तीही रक्त आवरायची सोय असेल तिथेच. बायोप्सीच्या कागदावर लिव्हरच्या कॅन्सरचा उल्लेख आहे ना ते स्वतः वाचून बघा, म्हणजे पॅथॉलॉजीवाले त्या दिशेने तपासतील. बेव्हासिझुमॅब हे कॅन्सरचं औषध चालू असेल तर आवर्जून सांगा, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब दिलं असेल तर तेही, कारण त्यावर दात काढला की जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने देऊ नका, पॅरासिटामॉलचाही डोस विचारूनच. बाबांना रेडिएशनने दुखणं आणि रक्त दोन्ही बरंच कमी झालं, शेवटचे काही आठवडे ते मऊ भात स्वतःच्या हाताने खात होते. बरं करायला नाही, आराम पडायला देतात हे आम्हाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. तुम्हीही आजच विचारून ठेवा, अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो.