तुझ्या मेसेजमधली शेवटची ओळ

प्रिय बाळा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझा मेसेज परवाच वाचला, लगेच उत्तर टाइप करायला घेतलं आणि डिलीट केलं, कारण पहिल्या रागात जे लिहिलं होतं ते तुझ्या सिनियरबद्दलच जास्त होतं, तुझ्या कामाचं त्यात फार काही नव्हतं. आज निवांत लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घे.

तू विचारलंयस की न केलेली टेस्ट 'केली' म्हणून रिपोर्टमध्ये टाकायला सांगतात तर सरळ नाही म्हणू का, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलून टाकू का. आणि मग एकदम खाली, घाईघाईत, आधी दोनदा मीपण टाकलंय म्हणून. मला वाटतं खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीतच आहे, वरचे दोन नुसते सोबतीला आलेत.

बायबलमधलं पौलाचं इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय, नववं वचन. तुला पाठ असणार. प्रकाशाचं फळ म्हणजे चांगुलपण, नीतिमत्त्व आणि सत्य. आपण काय करतो, तिन्ही वेगवेगळे गुण समजतो आणि ज्याला जो सोपा तो घेऊन बसतो, मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, तर वाटपच झालेलं असतं बघ, एक जण स्पष्टवक्ता, एक जण सगळ्यांशी गोड, एक जण नियमाला पक्का. पण पौलाने तिथे 'फळ' हा शब्द एकवचनी वापरलाय. आता एका फळाची साल एकाच्या घरी आणि गर दुसऱ्याच्या घरी असं कसं चालेल?

हे मला कळलं ते फार उशिरा आणि स्वतःची लाज काढून कळलं. मी तेव्हा प्रार्थनासभा चालवायचो. एका बाईंच्या मुलाने कर्ज करून ठेवलं होतं, त्यांनी मला ते विश्वासाने सांगितलं आणि मी पुढच्याच सभेत 'प्रार्थनाविषय' म्हणून सगळ्यांपुढे मांडलं, नावासकट, रकमेसकट. (आपल्याकडे चहाड्या पण गुडघ्यावर बसून होतात, हे कडू आहे पण आहे.) सभा संपल्यावर त्या दारात चप्पल घालत होत्या. एक पट्टा नीट बसत नव्हता, त्या वाकूनच म्हणाल्या, "दादा, तुम्ही खोटं काही बोलला नाहीत. पण आता रविवारी मी कुठे बसू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा शब्दन्‌शब्द खरा होता आणि तरी मी त्या बाईंचं वाटोळं केलं होतं.

म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलायचं का याचं माझं उत्तर, आधी नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशू सांगतो की भावाने अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून बोल, मग एकदोघांना बरोबर ने, मंडळीपुढे त्यानंतर. सिनियर ख्रिस्ती विश्वासातला नसेल, तरी रीत तीच ठेव. एकट्यात सांग की मी हे लिहिणार नाही, आणि त्याच श्वासात सांग की टेस्ट राहिली असेल तर मी थांबून करून देतो. हा दुसरा भाग गाळू नकोस. नुसतं 'मी लिहिणार नाही' म्हटलं की सत्य सांभाळलं जातं, पण थांबून काम उरकून दिलंस तर चांगुलपणही त्यात येतं. एवढं करूनही त्याने ऐकलं नाही, आणि त्या टेस्टवर कुणाची सुरक्षितता अवलंबून असेल, तर मग वर जाऊन सांगावंच लागेल, तिथे गप्प बसणं म्हणजे चांगुलपण नव्हे, ती निव्वळ भीती.

आता त्या दोन जुन्या रिपोर्टचं. इथे मी तुला सोडणार नाहीये.

जक्कयाची, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेल्या त्या जकातदाराची, गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये झाडासाठी लक्षात ठेवतो. मोठेपणी ती हिशोबासाठी वाचावी. तो म्हणतो अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमात आपण होऊन कबूल करणाऱ्याला मूळ रक्कम अधिक एक पंचमांश एवढीच भरपाई होती, आणि चौपट होती ती मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोराला. म्हणजे हा माणूस सवलतीचा रेट मागतच नाही, स्वतःला चोराचा रेट लावून घेतो! आणि क्रम बघ, येशू आधी म्हणाला की आज मला तुझ्या घरी उतरायचंय, जक्कयाने हिशोबाची वही नंतर उघडली. भरपाई करून त्याने येशूला घरात आणलेलं नाही, येशू आल्यावर भरपाई सुचली. पौलसुद्धा आधी 'तुम्ही प्रकाश आहात' म्हणतो आणि मगच 'तसे चाला' म्हणतो. त्यामुळे हे दोन रिपोर्ट दुरुस्त केल्यावर देव तुला जवळ करेल असलं काही डोक्यात घेऊ नकोस, तू जवळच आहेस, म्हणून तर ते रिपोर्ट टोचतायत.

प्रार्थना करून मोकळं वाटलं असं तू लिहिलंयस. वाटलं असेल, पण रिपोर्ट अजून तसेच आहेत ना फाइलमध्ये? नीतिमत्त्व म्हणजे माझ्या मते हेच, वाकडं केलेलं परत सरळ करणं, मनात नव्हे तर जिथे वाकडं केलं तिथे. इफिसातल्या लोकांनीही विश्वास ठेवल्यावर जादूटोण्याची पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली, किंमत काढली तर ५०,०००, रुपये नव्हे हं, चांदीची नाणी, आणि तसलं एक नाणं म्हणजे साधारण एका मजुराची दिवसाची मजुरी. विकून पैसे दानपेटीत टाकता आले असते. पण मग ती पुस्तकं दुसऱ्याच्या घरी गेली असती.

तुला यात किंमत पडू शकते. पडणार नाही असं मी म्हणणार नाही, काही लोक साक्ष देताना असं सांगतात की खरं बोललो आणि लगेच प्रमोशन मिळालं, कुणाला मिळालंही असेल. पण इफिसकरांस हे पत्र लिहिणारा पौल स्वतः तुरुंगात होता.

आणि नेमकं कुठे, कुणाला, कुठल्या शब्दांत सांगायचं ते मी इथे बसून ठरवू शकत नाही. इफिसकरांसच्या त्याच अध्यायात, दहाव्या वचनात 'प्रभूला काय पसंत पडतं ते पारखत राहा' असं आहे, तिथला मूळ ग्रीक शब्द धातू किंवा नाणं खरं का खोटं बघायला पण वापरायचे. पारखायला वेळ लागतो, नाणं हातात धरावं लागतं. बोलायच्या आधी वाक्य कागदावर लिही आणि स्वतःलाच तीनदा विचार, हे खरं आहे का, याने वाकडं सरळ होतंय का, आणि समोरच्याचं भलं मला खरंच हवंय का. तिसऱ्यावर मी अजून अडकतो.

त्या बाईंकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो, माफी मागितली, मग पुढच्या सभेत सगळ्यांपुढेही मागितली. त्या तीन रविवार आल्या नाहीत. चौथ्या रविवारी आल्या आणि माझ्या पुढच्याच रांगेत बसल्या, पण मागे वळून बघितलं नाही.

जुन्या दोन रिपोर्टचं काय लिहायचं त्याचा कच्चा मसुदा मला आधी पाठव, एकत्र बघू. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागा असतो.

तुझा,
दादा