वाचक विचारतात : छोट्या रेकॉर्डरसाठी घरी बनवलेला पिंजरा

प्रश्न : भजनी मंडळाचं गाणं टिपायला हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर घेतला आहे. वरचे दोन्ही माइक उघडे असल्यामुळे तो पडेल याची सतत भीती असते. म्हणून ४ इंची पीव्हीसी पाइपचा १५ सेंमी तुकडा घेऊन तळ बंद केला, बाजूंना भोकं पाडली आणि रेकॉर्डर आत बसवला. आता आवाज पिंपातून आल्यासारखा येतो. भोकं वाढवू का?
— एक वाचक, कराड

उत्तर : भोकं वाढवून घुमणं थोडं कमी होईल, जाणार नाही. तळ बंद असलेली १५ सेंमीची नळी ५०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि गाणाऱ्याचा आवाज नेमका त्याच पट्ट्यात असतो. शिवाय माइकच्या मागे २ सेंमीवर सपाट भिंत असली, की तिच्यावरून परतलेला आवाज ४ सेंमी जास्त अंतर कापून माइकवर येतो. मूळ आवाजाशी त्याची काटछाट होऊन ४३०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. टाळांची धार बोथट वाटते ती यामुळेच. तेव्हा पाइप काढून टाका. माइकच्या पातळीला आणि तिच्या वर फक्त तार असावी. पट्टी, पत्रा जे काय लावायचं ते त्या पातळीच्या खाली. ३ मिमी जाडीच्या तारेने आवाज अडत नाही, कारण १०,००० हर्ट्झच्या लाटेचीही लांबी ३४ मिमी असते.

सामान थोडंच लागतं. २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी (खिडक्या बनवणाऱ्यांकडे तुकडा मिळतो), १२ मिमी रुंद, २ मिमी जाड पट्टी २० सेंमी, जस्ताचा मुलामा दिलेली ३ मिमी तार अर्धा मीटर, सायकलची जुनी ट्यूब, एमसील, बोल्ट आणि वायसर.

रेकॉर्डर १४० मिमी उंच धरू. जाड पट्टी १६० मिमी कापा. ११० मिमी पाठीमागे, बुडाखाली १० मिमी मोकळी जागा आणि उरलेली ४० मिमी काटकोनात पुढे. रेकॉर्डर बुडावर आपटला तर मार या पायावर बसतो. वाकवताना पट्टी ८ मिमी गजावरून वळवा. व्हाइसच्या धारेवर ठोकून वाकवली तर बाहेरच्या अंगाला तडा जातो. पट्टी आणि रेकॉर्डर यांच्या मध्ये ट्यूबचे दोन-तीन पदर ठेवा.

बोल्टच्या बाबतीत घाई नको. बहुतेक रेकॉर्डरच्या पाठीला ट्रायपॉडचं पाव इंची छिद्र असतं, इंचाला २० आटे. हार्डवेअरवाला ‘६ नंबर’ म्हणून एम-६ बोल्ट हातात देईल, तो घेऊ नका. त्याचा व्यास ६ मिमी आणि आटा १ मिमीचा, तर छिद्राचा व्यास ६.३५ आणि आटा १.२७ मिमीचा. दोन फेरे जातो, मग अडकतो आणि जोर लावला की छिद्रातले आटे सोलतो. ‘दोन सुती’, म्हणजे पाव इंची, बोल्ट मागा. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली मांडलेल्या पद्धतीच्या या बोल्टच्या आट्याचा कोन ५५ अंश असतो आणि ट्रायपॉडच्या आट्याचा ६०. पण इंचाला आटे तेवढेच असल्यामुळे इतक्या हलक्या कामाला तो चालतो. लांबी मात्र मोजूनच ठरवा. छिद्रात आगकाडी उभी घाला, कडेला नखाने खूण करा आणि मोजा. खोली बहुधा ५ मिमीच्या आसपास भरते. बोल्ट आत ४.५ मिमीपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. अर्धा इंची बोल्ट १२.७ मिमीचा, म्हणजे बाहेर ८.२ मिमी भरायला हवेत: पट्टी ३, दाबलेलं रबर साधारण २, उरलेले वायसर. पट्टी बॅटरीच्या झाकणावरून जात असेल तर हाताने फिरवता येणारा, गोल डोक्याचा बोल्ट लावा, नाहीतर दर वेळी पाना शोधावा लागेल.

आता पिंजरा. पातळ पट्टीचं लंबगोल कडं वळवा, आतून साधारण ७० बाय ५० मिमी. ते माइकच्या १५ मिमी खाली, मागच्या पट्टीच्या वरच्या टोकाला दोन ३ मिमी स्क्रूंनी पक्कं करा. कड्याला चार बाजूंना ३.२ मिमी भोकं पाडा. तारेचे २० सेंमीचे दोन तुकडे कमानीसारखे वळवा, एक आडवा आणि एक पुढून मागे. माइकच्या टोकापासून कमान २५ मिमी वर राहील इतकी टोकं भोकांत घाला, आत दुमडा, जास्तीची कापा आणि एमसील भरा. दोन्ही तारा वर एकमेकींना टेकतात तो जोड दोऱ्याने घट्ट बांधून त्यावर गोंद लावा. सैल राहिला तर मृदंगाच्या प्रत्येक थापेला बारीक किणकिण ऐकू येते, आणि माणूस दोष माइकमध्ये शोधत बसतो.

प्रश्न : किनाऱ्यावर वाऱ्याची घरघर येते म्हणून केसाळ कापडाची टोपी शिवली. घरघर गेली, पण बोलणंही दबलं.
— एक वाचक, देवगड

उत्तर : दोष बहुधा केसांत नाही, कापडाच्या पाठीत आहे. सॉफ्ट टॉयच्या बऱ्याच कापडांना मागून रबर किंवा गोंदाचा थर असतो, त्यातून वरचे सूर पार होत नाहीत. पाठीकडून तोंड लावून फुंका. पलीकडे धरलेल्या तळव्याला हवा लागली पाहिजे. केस २५ ते ३० मिमी हवेत. कापड नेहमी पाठीकडून, ब्लेडने फक्त विणीवर चीर देऊन कापा. कात्री चालवली तर केस तुटून शिवणीशी टक्कल पडतं आणि वारा तिथूनच शिरतो.

टोपी थेट माइकवर न चढवता वर सांगितलेल्या तारांवर चढवा. माइकभोवती स्थिर हवेचा जितका मोठा थर, तितका वारा कमी लागतो. बोलणं टिपताना ८० ते १०० हर्ट्झचं लो-कट (त्याखालचे सूर छाटणारा फिल्टर) चालू ठेवा, मात्र सगळी भिस्त त्यावर नको. वाऱ्याच्या धक्क्याने आवाज आधीच फाटला असेल तर तो फिल्टरने सांधला जात नाही. पारख करायची तर एक मीटरवर किल्ल्यांचा जुडगा हलवा, एकदा टोपी घालून, एकदा काढून, गेन (आवाज टिपण्याची पातळी) तोच ठेवून.

प्रश्न : पिंजरा हातात धरला की बोटांची खरखर येते.
— एक वाचक, अकोले

उत्तर : येणारच, बोल्टमधून कंप सरळ आत जातो. पिंजऱ्याला हात न लावता खालच्या पायाला भोक पाडून तो काठीवर बसवा, आणि काठी व पाय यांच्या मध्ये जाड स्पंज दाबून ठेवा. मनगटातली दोरीही काढा, ती घासते.

प्रश्न : पावसात प्लास्टिकची पिशवी चालेल?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : माइकवर नाही, प्रत्येक थेंब तडतडतो. रेकॉर्डरचं धड पिशवीत बांधा, माइकच्या वर हातभर अंतरावर काथ्याच्या गादीचा विस्कटून मोकळा केलेला थर धरा. थेंब त्यात फुटून निमूट जिरतो. घरी आल्यावर केसाळ टोपी आधी काढा आणि रेकॉर्डर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात रात्रभर ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले असतील तर ते आधी तापवून कोरडे करून घ्या.