दोन टेबलांच्या मधली ग्रँट

प्रिय,

तुझं पत्र सावकाश वाचलं. फाउंडेशनमध्ये रुजू होतेस न होतेस तोच चांगला पेच वाट्याला आलाय. कोळशावरचं एक वीजकेंद्र काही वर्षांत बंद होणार, तिथल्या कंत्राटी कामगारांची संघटना बंद होण्याच्या बोलणीत आपली बाजू मांडण्यासाठी ग्रँट, म्हणजे परत न करायचा निधी, मागते आहे. हवामानाची टीम म्हणते हा विषय अर्थव्यवस्थेच्या टीमचा, आणि ते लोक म्हणतात की वीजकेंद्र आहे म्हणजे हवामानाचा. प्रपोजल या टेबलावरून त्या टेबलावर फिरतंय आणि दोन्हीकडचे लोक मनाने चांगले आहेत, हे तू लिहिलंस ते मला पटतं. बहुतेक ठिकाणी असंच असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. हे प्रपोजल दोन कार्यक्रमांच्या सीमेवरचं नाही. तुमचे दोन्ही कार्यक्रम ज्या कामावर उभे आहेत, ते हेच काम आहे. उत्सर्जन कमी करण्याची किंमत कोणी मोजायची याचं उत्तर जिथे चुकतं, तिथे हवामानाचं धोरणही टिकत नाही.

आधी पैशाचा आवाका लक्षात घे, म्हणजे फाउंडेशनच्या खोलीत बसून येणारा एक भ्रम दूर होईल. जगभरात परोपकारासाठी जेवढा पैसा दिला जातो, त्यातला दोन टक्क्यांहूनही कमी हवामानबदल रोखण्याच्या कामाला जातो. दुसऱ्या बाजूला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगातल्या सरकारांनी खनिज इंधनांवर थेट अनुदान दिलं ते सुमारे १.३ लाख कोटी डॉलर. या आकड्यापुढे तुमचं वार्षिक बजेट कितीही मोठं असलं तरी नगण्य आहे. सौर पॅनेल बसवून, झाडं लावून तुम्ही जगाची ऊर्जा बदलणार नाही. तुमच्या पैशात एकच गोष्ट अशी आहे जी बाजाराच्या आणि सरकारच्या पैशात नाही: त्याला परतावा द्यावा लागत नाही आणि निवडणूकही जिंकावी लागत नाही. म्हणून तो इतरांच्या आधी जाऊ शकतो.

किगालीचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडाच्या राजधानीत देशांनी ठरवलं की फ्रिज आणि एसीमध्ये थंडाव्यासाठी वापरले जाणारे, पण हवेत सुटले की पृथ्वी तापवणारे एचएफसी वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचे. हे नीट पाळलं गेलं तर शतकाच्या अखेरीपर्यंत जवळपास अर्धा अंश तापमानवाढ टळेल असा अंदाज आहे. वायू बदलतानाच उपकरणं कमी वीज खाणारी केली तर फायदा आणखी वाढतो, पण त्या कामासाठी सरकारी निधीच्या चौकटीत नीट जागा नव्हती. करार होण्याच्या आधीच काही फाउंडेशन आणि देणगीदारांनी मिळून या एका गोष्टीसाठी ५ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम जाहीर केली. जागतिक व्यवहारात ही रक्कम काहीच नाही. पण वाटाघाटीच्या टेबलावर विकसनशील देशांच्या प्रतिनिधींना ती आधी दिसली, वेळेवर दिसली, आणि तिचं वजन तिच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त झालं.

आता तुझ्या प्रपोजलकडे येते.

फ्रान्समध्ये २०१८ च्या सुरुवातीला श्रीमंतांवरचा संपत्ती कर काढून टाकला गेला, फक्त स्थावर मालमत्तेपुरता तो उरला. त्याच वर्षी इंधनावरचा कर वाढला, आणि जानेवारी २०१९ पासून आणखी वाढ ठरलेली होती, कारण अर्थात हवामान. शहराबाहेर राहणारे, कामावर जायला गाडीशिवाय दुसरं साधन नसलेले लोक नोव्हेंबर २०१८ मध्ये पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर उतरले. डिसेंबरमध्ये सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. कार्बनवर कर लावणं चूक होतं असं मला वाटत नाही. पण ज्याला पर्याय नाही त्याच्याकडून घ्यायचं आणि ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला सोडायचं, हे एकाच वर्षात लोकांच्या डोळ्यांसमोर घडलं. हवामानतज्ज्ञांच्या अहवालात हा भाग बहुधा शेवटच्या प्रकरणात येतो. लोकांच्या आयुष्यात तो सर्वांत आधी येतो.

दक्षिण आफ्रिकेतलं कोमाटी तुझ्या कामाच्या आणखी जवळचं आहे. म्पुमलांगा प्रांतातलं हे कोळसा केंद्र, त्याचं शेवटचं युनिट ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बंद झालं. पुढच्याच महिन्यात जागतिक बँकेने त्या जागी सौर, पवन, बॅटरी आणि प्रशिक्षण उभं करायला ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले. कागदावर यापेक्षा नेटकं काय असणार? कायम नोकरीतल्या बऱ्याच लोकांना कंपनीने दुसऱ्या केंद्रांवर सामावून घेतलं. कंत्राटी कामगार, त्यांना खोल्या भाड्याने देणारी घरं, गेटबाहेर छोटे धंदे करणारे लोक यांच्यासाठी मात्र काम आधी गेलं आणि नवं काही उभं राहायला पुढची वर्षं लागली. केंद्र बंद होणार हे सगळ्यांना कितीतरी आधी ठाऊक होतं. तरीही गावाशी बोलणी उशिरा सुरू झाली, असं नंतरच्या आढाव्यांत पुन्हा पुन्हा आलं. आता त्या प्रांतात दुसरं केंद्र बंद करायचा विषय निघाला की लोक कोमाटीकडे बोट दाखवतात. म्हणजे एका जागी घाई केली आणि पुढच्या सगळ्या जागी वेळ गेला.

याच्या शेजारी स्पेन ठेव. तिथे ऑक्टोबर २०१८ मध्ये, बहुतेक कोळसा खाणी बंद होण्याच्या आधी, सरकार, कामगार संघटना आणि खाण कंपन्या यांच्यात करार झाला. २५ कोटी युरो, ४८ वर्षांवरच्या कामगारांना मुदतीआधी निवृत्ती, बाकीच्यांना नवं प्रशिक्षण आणि खाणींच्या जमिनी पूर्ववत करण्याच्या कामात प्राधान्य. तिथे खाणकामगार फार थोडे उरले होते, म्हणून हे तुलनेने सोपं गेलं, हे मान्य करायला हवं. पण क्रम बघ: आधी बोलणी, मग कुलूप.

फाउंडेशनने पैसे घालायचे ते या क्रमासाठी. कामगारांना नवी नोकरी तुम्ही देऊ शकत नाही, निवृत्तिवेतनही देऊ शकत नाही, ते सरकारचं आणि मालकाचं काम आहे. पण बोलणीच्या टेबलावर कंपनीच्या बाजूला वकील, अर्थतज्ज्ञ आणि सल्लागार बसलेले असतात. समोर कंत्राटी कामगार बसतो तो एका दिवसाची मजुरी बुडवून, आणि त्याच्या हातात कागद असतो तो कंपनीनेच दिलेला. त्याच्या बाजूलाही स्वतःचा हिशेब करणारं कोणी असावं, एवढं मात्र तुम्ही करू शकता.

तू पाठवलेलं बजेट मी त्या नजरेने वाचलं. तुझ्या सहकाऱ्याने ज्या ओळींखाली लाल रेघ मारली आहे, नेमक्या त्याच ओळी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटल्या. रात्रपाळीवाल्यांना बैठकीला येण्यासाठी प्रवासखर्च. बैठकीच्या दिवशी बुडणाऱ्या मजुरीची भरपाई. बायका आल्या तर मुलांना सांभाळायला कोणीतरी. जुनी कंत्राटं वाचून देणी काढणाऱ्या वकिलाची फी. अर्धवेळ हिशेबनीस. सहकारी म्हणतो यात ‘हवामानाचं’ काहीच नाही आणि प्रशासकीय खर्च फार आहे. त्याला विचार, या पाच ओळी काढल्या तर बैठकीला कोण येईल? उत्तर असं की जे नेहमी येतात तेच येतील. हिशेबनीस काढला तर पुढच्या वर्षी तुमच्याच ऑडिटमध्ये ही संघटना नापास होईल आणि मग आपण म्हणू की तळच्या संस्थांची क्षमता नाही.

हे फक्त तुमच्याकडे होतं असं नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पाच सरकारांनी आणि सतरा फाउंडेशननी मिळून जाहीर केलं की जंगलांचं रक्षण करणाऱ्या आदिवासी आणि स्थानिक समुदायांना जमिनीचे हक्क मिळावेत म्हणून पाच वर्षांत १.७ अब्ज डॉलर देऊ. हेतू चांगला होता, रकमाही खरोखर सुटल्या. पण पहिल्या वर्षी त्यातला फक्त सात टक्के पैसा थेट त्या समुदायांच्या संस्थांकडे गेला, आणि दुसऱ्या वर्षी तर दोन टक्क्यांच्या आसपास. बाकीचा मधल्या मोठ्या संस्थांमधून फिरत गेला. देणाऱ्यांनीच हे आकडे प्रसिद्ध केले, याचं मला कौतुक आहे. कोणी पैसे खाल्ले म्हणून हे झालं नाही. किमान ग्रँट एवढी मोठी, अर्ज परक्या भाषेत, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब हवेत, दर तिमाहीला रिपोर्ट. प्रत्येक अट एकेकटी बघितली तर रास्त दिसते. सगळ्या मिळून दार बंद करतात.

म्हणून ग्रँट देताना मुदत आणि मोकळीक या दोन गोष्टींवर भांड. एका वर्षाच्या प्रकल्पाच्या पैशावर कोणतीही संघटना पाच वर्षं चालणारी वाटाघाट लढू शकत नाही. तिचा निम्मा जीव पुढची ग्रँट शोधण्यात जातो. फोर्ड फाउंडेशनने २०१६ पासून काही संस्थांना पाच वर्षांची, संस्था स्वतः मजबूत व्हावी म्हणून वापरता येणारी ग्रँट द्यायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी तर मोठ्या रकमा कोणत्याही प्रकल्पाशी न बांधता दिल्या. मोकळा पैसा दिला की संस्था बेफिकीर होतात ही भीती विश्वस्तांच्या बैठकीत हमखास निघते. तेव्हा शांतपणे विचारायचं की आपल्या स्वतःच्या कार्यालयाचं भाडं आणि पगार कोणत्या प्रकल्पाच्या खात्यातून जातात.

मोजमापाबद्दल तू विचारलंस. टनांत मोजता येणारा कार्बन दाखवणं सोपं, आणि विश्वस्तांना तो आकडा आवडतो. तो मागायला हरकत नाही. पण या ग्रँटचं फळ असं असेल की अमुक तारखेच्या आत कंत्राटी कामगारांची पूर्ण यादी तयार झाली, ती कंपनीने मान्य केली, आणि बंद करण्याच्या करारात त्यांचं नाव आलं. यात एक टनही कार्बन दिसणार नाही. तरीही केंद्र वेळेवर बंद होईल की दहा वर्षं न्यायालयात आणि रस्त्यावर अडकेल, हे याच यादीवर ठरण्याची शक्यता मोठी आहे.

आणखी एक गोष्ट, जी नव्या माणसाने विचारायची नसते असं तुला सांगितलं जाईल. ती विचार. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनना कायद्याने दरवर्षी मालमत्तेच्या साधारण पाच टक्के खर्च करावे लागतात. इतरत्र नियम वेगळे असले तरी चित्र फारसं वेगळं नाही, ग्रँट म्हणून बाहेर जातो तो लहानसा तुकडा. बाकी सगळा कॉर्पस, म्हणजे फाउंडेशनची मूळ ठेव, गुंतवलेला असतो. कशात? फाउंडेशनच्या एका हाताने कोळसा बंद करायला ग्रँट द्यायची आणि दुसऱ्या हाताने त्याच कोळशाचे शेअर धरायचे, हे कितीतरी वर्षं कुणाला खटकलंही नाही. रॉकफेलर ब्रदर्स फंडाचा पैसा मुळात तेलातून आला. त्यांनी २०१४ मध्ये खनिज इंधनातली गुंतवणूक काढून घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा नुकसान होईल असं बरेच जण म्हणत होते. काही वर्षांनी त्यांनी हिशेब मांडला तेव्हा परतावा बाजाराच्या मापदंडाहून कमी आलेला नव्हता. फोर्डने २०१७ मध्ये कॉर्पसमधलेच १ अब्ज डॉलर दहा वर्षांत परवडणारी घरं आणि वित्तसेवा यांसारख्या, सामाजिक हेतूच्या गुंतवणुकीत घालायचं ठरवलं. तुमच्या गुंतवणूक समितीत कोण बसतं, आणि कार्यक्रमाच्या लोकांशी ते शेवटचं कधी बोलले, एवढं जरी शोधलंस तरी सुरुवात होईल.

यातून एक अवघड प्रश्न निघतो आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. ज्या अर्थव्यवस्थेला आपण अन्याय्य म्हणतो, तिच्यातूनच फाउंडेशनचा पैसा साठलेला असतो, आणि तो कुठे जावा हे कुणीही निवडून न दिलेली मोजकी माणसं ठरवतात. याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर माझ्याकडे नाही. पण निर्णयातला काही वाटा सोडून देता येतो. काही निधींमध्ये ग्रँट कुणाला द्यायची हे त्या प्रश्नाशी झगडणारे लोकच समितीत बसून ठरवतात. शिवाय कोणाला किती दिलं आणि कशासाठी, हे सगळं खुलं ठेवता येतं. नाकारलेल्या अर्जदाराला कारण सांगता येतं, आणि हे तर तू उद्यापासूनही करू शकतेस, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

प्रपोजलचं म्हणशील तर दोन्ही टीमच्या प्रमुखांना एकत्र बसव आणि अर्धी-अर्धी रक्कम दोन्ही बजेटमधून काढायचं सुचव. असं केलं की रिपोर्टही दोघांना वाचावा लागतो. संघटनेकडून मात्र एकच रिपोर्ट घ्या, दोन नको. मुदत तीन वर्षांच्या आत मान्य करू नकोस. आणि नोट लिहिण्याआधी संघटनेच्या लोकांना फोन करून विचार की कंत्राटी कामगारांची यादी सध्या कुणाकडे आहे. ठेकेदाराकडेच असेल, तर पहिल्या सहा महिन्यांचं सगळं काम ती यादी स्वतः तयार करण्याचं आहे, आणि त्यासाठी बजेटमध्ये घरोघरी फिरणारी माणसं धरलेली मला दिसली नाहीत. ती ओळ वाढवून घे, आणि सुधारलेलं बजेट मला पाठव.

तुझी,
ताई